पावसाळ्याची बेगमी

मराठीत 'बेगमी' असा एक शब्द आहे. तो ऐकून तुम्हांला 'बेगम' आठवेल. पण या शब्दाचा बेगमेशी काही संबंध नाही. तो फारसीतून मराठीत आला आहे. 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे दुःख किंवा चिंता, हे उर्दू शिकणाऱ्या तुम्हांला वेगळे सांगायला नको. पुढील दिवसांसाठी करून ठेवलेल्या साठ्याला मराठीत बेगमी म्हणतात. घरात साठा असला, की माणूस बेफिकीर असतो, म्हणून साठ्यालाच हे नाव मिळाले.

ही बेगमी करायचे दिवस म्हणजे उन्हाळ्याचा शेवट. माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावात गेले. त्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. वाटा चिखलाने भरतात. ताजी भाजी महाग होते. जून व जुलै हे माशांच्या विणीचे दिवस, म्हणून त्या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. अशा दिवसांत घरातल्या माणसांनी खायचे काय? या प्रश्नाचे उत्तर मे महिन्यातच तयार ठेवावे लागते. कोकणात याला 'आगोटीची तयारी' म्हणतात.

आमच्या घरामागे लहानशी वाडी होती. तिच्यात एक रायवळ आंबा, एक फणस, कोकमाची दोन झाडे आणि विहिरीजवळ एक चिंच एवढेच होते. वडील जहाजावर नोकरीला होते. त्यांचे पैसे कधी वेळेवर येत, कधी महिना महिना येत नसत. त्यामुळे वाडीतली एकही वस्तू वाया जाऊ न देणे, हा आमच्या दादीचा नियमच होता.

मे महिन्यात वळवाचा वारा सुटला, की रात्री कैऱ्या टपटप पडत. दादी आम्हांला पहाटेच टोपली देऊन पिटाळी. गोळा केलेल्या कैऱ्यांचे ती दोन ढीग करी. न फुटलेल्या, कडक कैऱ्या लोणच्यासाठी. फुटलेल्या किंवा मार लागलेल्या कैऱ्यांचा खराब भाग ती कापून टाकी आणि उरलेल्या भागाच्या फोडींना मीठ लावून त्या उन्हात वाळवी. या वाळलेल्या फोडींना 'आंबोशी' म्हणतात. मार लागलेली कैरी लोणच्यात का चालत नाही? कारण तिथूनच ती सडू लागते आणि एक फोड सडली, की सगळी बरणी बिघडते.

कोकमाच्या पिकलेल्या फळाला 'रातांबा' म्हणतात. तो फोडून बिया व गर बाजूला काढतात. साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात वाळवतात. असे चार-पाच वेळा केले, की काळसर, आंबट आमसुले तयार होतात. मग बिया फेकायच्या का? मुळीच नाही. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या, की वर तेल येते. गार झाल्यावर ते मेणासारखे घट्ट होते. मुठीने त्याचे गोळे वळतात, म्हणून त्याला 'मुठेल' म्हणतात. पावसात चिखलाने भेगाळलेल्या टाचांना ते लावतात.

फणसाचे गरे आम्ही मुले खात असू आणि आठळ्या, म्हणजे बिया, दादीच्या स्वाधीन करत असू. ती त्या धुऊन सुकवी आणि कोपऱ्यातल्या कोरड्या मातीत पुरून ठेवी. पावसाळ्याच्या संध्याकाळी मीठ घालून उकडलेल्या गरम आठळ्या आणि बाहेर धो धो पाऊस! याशिवाय वाळवलेले सोडे, सुकट आणि बोंबील डब्यात भरले जात. सोडे आणि आठळ्या यांचे कालवण तर सर्वांच्या आवडीचे. दुधी, पडवळ आणि काकडी यांचे एखादे फळ वेलावरच जून होऊ दिलेले असे. त्याच्या बिया राखेत घोळून ठेवल्या जात आणि मृग नक्षत्राचा पाऊस पडला, की पेरल्या जात. जुन्या लुंग्या व ओढण्यासुद्धा फुकट जात नसत. त्यांच्या गोधड्या शिवल्या जात.

आता हे पदार्थ इतके दिवस का टिकतात, ते पाहू. अन्न नासवणारे जीवाणू व बुरशी यांना वाढण्यासाठी पाणी लागते. ऊन पदार्थातले पाणी उडवून लावते. मीठ फोडींतले पाणी बाहेर ओढून घेते आणि जंतूंनाही ते पाणी वापरता येत नाही. 'लोणचे' या शब्दातच 'लोण', म्हणजे मीठ, लपलेले आहे. एक किलो कैरीला सुमारे पाव किलो मीठ घालतात, ते केवळ चवीसाठी नव्हे. जे काम मीठ करते, तेच दाट साखरेचा पाकही करतो. म्हणून मुरंबा टिकतो. ज्याला आपण उर्दूत 'मुरब्बा' म्हणतो, तोच हा मुरंबा. लोणच्यावर बोटभर तेल तरंगत ठेवतात, कारण तेलामुळे हवा आत जात नाही आणि हवेवाचून बुरशी वाढत नाही.

हे शास्त्र मी पुस्तकात नंतर वाचले. त्याआधी ते मी एका चुकीतून शिकलो.

मी पाचवीत होतो. शाळेतून आलो, की हातपाय धुवायचे आणि कोणी पाहत नाही असे पाहून बरणीतली एक फोड काढायची, असा माझा क्रम चालला होता. ऑगस्ट महिन्यात एकदा सलग तीन दिवस पाऊस लागला. खाडीचे पाणी रस्त्यावर आले. बाजार बंद पडला. वडिलांचे पैसेही आले नव्हते. दादीने जेवणासाठी लोणच्याची मोठी बरणी उघडली, तर वर पांढरी-हिरवी बुरशी! वर्षभराचे लोणचे नासले होते.

दादीने माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "बाळा, हात ओला असायचा का रे?"

मी मान खाली घातली. अम्मी म्हणाली, "वरचे काढून टाकू या, खालचे चांगले असेल." पण दादीने ऐकले नाही. दिसते ती बुरशी वर असते. तिचे न दिसणारे धागे आत गेलेले असतात आणि काही बुरशींत विषही असते. दादीने सगळी बरणी खड्ड्यात रिकामी केली. तो आवाज मला अजून आठवतो. कैऱ्या वेचणारे, चिरणारे, वाळवणारे घरातले किती हात त्या बरणीत होते!

त्या रात्री आम्ही उपाशी राहिलो का? नाही. दादीने आंबोशी भिजत घातली, सुकट भाजली, मातीतून आठळ्या काढल्या आणि भाताबरोबर कालवण केले. जेवताना ती एवढेच म्हणाली, "एका बरणीवर घर ठेवू नये." पुढच्या मे महिन्यात वाळवणाची राखण तिने माझ्यावर सोपवली. त्या वर्षी कोरडा हात आणि कोरडा चमचा यांवर घरात सर्वांत जास्त लक्ष माझे होते.

मित्रांनो, आज पुष्कळ घरांत फ्रीज आहे आणि दुकानात सर्व काही मिळते. तरीही मुसळधार पावसात वीज जाते आणि महिनाअखेर पैसाही संपतो. तुमच्या घरी वाडी नसेल, पण गच्ची किंवा खिडकी तर असेल. येत्या मे महिन्यात कैऱ्या स्वस्त झाल्या, की दोन किलो आणा. अम्मीला किंवा दादीला विचारून आंबोशी करा. ती हातात कटकन मोडेपर्यंत वाळवा, कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि झाकण घट्ट लावा. जुलै महिन्यात भाजी महागेल, तेव्हा ती बरणी उघडा. बेगमी या शब्दात 'गम' नसण्याची गोष्ट का आहे, हे तुम्हांला त्या दिवशी जेवताना समजेल.