शंकर आबाजी भिसे यांची दोन यंत्रे

किराणा दुकानदार साखर कशी तोलतो ते कधी नीट निरखून पाहिले आहे का? आमच्या शेलूबाजारात काय किंवा तुमच्या गावात काय, पद्धत एकच. आधी तो भराभर साखर ओततो. काट्यावरचा आकडा किलोच्या जवळ आला की हात आखडता घेतो, आणि शेवटी चिमटी-चिमटीने टाकून एक किलो पुरा करतो. आता समजा, हे सारे काम यंत्राकडून करवून घ्यायचे आहे. वर साखरेची रास, खाली पिशवी, आणि मध्ये माणूस नाही. यंत्राने आपले आपण साखर सोडावी, तोलावी, वजन पुरे होताच धार बंद करावी आणि माल खाली द्यावा. विजेवर चालणारा काटा मात्र वापरायचा नाही, कारण आपण १८९७ च्या सुमाराच्या काळात आहोत.

नेमके असेच यंत्र रचण्याची स्पर्धा त्या सुमारास लंडनच्या एका शोधविषयक नियतकालिकाने जाहीर केली होती. ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकून ती जिंकली मुंबईच्या एका तिशीतल्या माणसाने. त्याचे नाव शंकर आबाजी भिसे.

या स्पर्धेतला प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्यात पदार्थविज्ञानाची एक गंमत दडलेली आहे, ती आधी पाहू. समजा, दर सेकंदाला २०० ग्रॅम साखर २० सेंटिमीटर उंचीवरून काट्यावर पडते आहे. मुक्त पतनाच्या सूत्रावरून ती खाली यायला ०.२ सेकंद लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी ४० ग्रॅम साखर हवेतच असते. काट्याने किलो दाखविताच धार बंद केली, तरी ही ४० ग्रॅम नंतर पडणारच. मग प्रत्येक गिऱ्हाइकाला ४० ग्रॅम फुकट जाणार काय?

थांबा. पडणारी साखर काट्यावर नुसती बसत नाही, ती आदळते. तिचा वेग तेथे पोचताना सेकंदाला २ मीटर असतो. दर सेकंदाला ०.२ किलोग्रॅम साखरेचा हा वेग शून्य होतो, म्हणजे संवेगात दर सेकंदाला ०.४ एककांचा बदल होतो. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने हे ०.४ न्यूटन बल झाले. आणि ०.४ न्यूटन म्हणजे किती ग्रॅमचे वजन? बरोबर, ४० ग्रॅमचे! काटा आदळण्यामुळे जेवढे जास्त दाखवितो तेवढीच साखर हवेत असते. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. उंची बदला, धार बदला, उत्तर तेच येते; आकडे घालून स्वतः करून पाहा. निसर्गाने दुकानदाराला दिलेली ही सवलतच म्हणायची.

अडचण वेगळीकडेच आहे. झडप बंद व्हायला वेळ लागतो. ०.१ सेकंद लागला तरी सुमारे १० ते २० ग्रॅम साखर जादा निसटते. धारही एकसारखी नसते. साखर ओलसर असली तर गठ्ठ्याने पडते. म्हणून आजच्या भरणी यंत्रांतही आधी जाड धार आणि शेवटी बारीक धार अशी योजना केलेली असते. आपला दुकानदार चिमटीने करतो तेच!

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. यंत्रशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण त्यांना मिळाले नाही. पोटासाठी ते मुंबईत सरकारी हिशेब खात्यात कारकुनी करीत. विद्या मिळविली ती वाचून आणि हाताने करून. चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच दगडी कोळशापासून दिव्याचा वायू तयार करण्याचे उपकरण बनविले. ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे अमेरिकन नियतकालिक त्यांचे गुरू. दृष्टिभ्रमाचे प्रयोग करून दाखविण्यातही त्यांनी नाव मिळविले होते. या नियतकालिकाच्या वाचकांना आवर्जून सांगायची गोष्ट अशी की ‘विविध कला प्रकाश’ नावाचे मराठी मासिकही ते चालवीत, आणि त्यातून सोप्या भाषेत विज्ञान सांगत.

स्पर्धा जिंकल्यावर ते लंडनला गेले. तेथे त्यांच्या पाठीशी उभे राहिले दादाभाई नौरोजी. दादाभाईंची राजकीय कामगिरी आपण इतिहासात शिकतो. पण सत्तरी उलटलेला हा गृहस्थ एका होतकरू यंत्रकारासाठी भांडवलदारांचे उंबरे झिजवीत होता, हे पाठ्यपुस्तकात सापडत नाही. माझ्या मते ते असायला हवे.

लंडनमध्ये भिसे यांनी लहानमोठी बरीच यंत्रे केली. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० पेटंटे सांगितली जातात. मात्र शोधकाची थोरवी आकड्यांवरून मोजू नये. एकच यंत्र नीट समजून घेतले तर माणूस कळतो, आणि भिसे यांच्या बाबतीत ते यंत्र म्हणजे ‘भिसोटाइप’.

आजच्या विद्यार्थ्याला ‘खिळा’ म्हटले की लोखंडी मोळाच आठवेल. छापखान्यातला खिळा वेगळा. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूची ती चिमुकली कांडी. टोकावर उलटे अक्षर. जुळारी खणांतून एकेक खिळा उचलून ओळी जुळवीत असे. ऑफसेट छपाई आणि संगणक येईपर्यंत आपल्या तालुक्याच्या गावच्या लग्नपत्रिकाही अशाच छापल्या जात. छपाईच्या दाबाने खिळे झिजतात, मग ते वितळवून पुन्हा ओतावे लागतात. इंग्रजीचे काम थोडक्या अक्षरांत भागते. देवनागरीत काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून खिळ्यांचे प्रकार कित्येक शेकड्यांवर जातात. म्हणून खिळे ओतण्याचा वेग हा छपाईच्या धंद्याचा प्राण होता.

पाश्चात्त्य देशांत या क्षेत्रात तेव्हा जोराची चुरस लागलेली होती. ओटमार मर्गेनथालर याचे लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात कामाला लागले होते; ते अख्खी ओळच ओतून काढी. टॉलबर्ट लॅन्स्टन याचे मोनोटाइप यंत्र एकेक खिळा ओती. अशा यंत्रांतून मिनिटाला १५० च्या आसपास खिळे निघत. भिसे यांच्या यंत्राची मजल मिनिटाला १२०० खिळ्यांपर्यंत गेली.

हे किती अवघड होते? थोडे गणित करू. मिनिटाला १५० म्हणजे एका खिळ्याला ०.४ सेकंद. मिनिटाला १२०० म्हणजे अवघा ०.०५ सेकंद. तेवढ्या अवधीत पातळ धातू साच्यात भरायचा, गोठायचा आणि घट्ट खिळा बाहेर पडायचा. यंत्राचे दांडे आणि चाके कितीही वेगाने फिरवा, धातू आपल्या वेळेनेच गोठतो. त्यातली उष्णता बाहेर पडल्याखेरीज तो घट्ट होत नाही.

ही उष्णता किती? अंदाजासाठी नुसते शिसे धरू आणि खिळा २ ग्रॅमचा मानू. शिशाचा अप्रकट उष्मा ग्रॅमला सुमारे २४ ज्यूल, म्हणजे गोठताना ४८ ज्यूल बाहेर पडणार. पुढे खिळा आणखी १०० अंशांनी निवायला हवा. शिशाची विशिष्ट उष्माधारकता ग्रॅमला अंशामागे सुमारे ०.१३ ज्यूल, म्हणजे आणखी २६ ज्यूल. एकूण ७४. सेकंदाला २० खिळे म्हणजे १४८० ज्यूल, अर्थात जवळजवळ दीड किलोवॅट! इस्त्रीहूनही जास्त शक्तीची उष्णता त्या इवल्याशा साच्यांतून सतत काढून घ्यायची. मिश्रधातूत अँटिमनी असल्यामुळे खरा आकडा याहूनही मोठा येईल. एकच साचा असेल तर हे साधणे जवळजवळ अशक्य. साचे अनेक ठेवले, तर एक गोठत असताना दुसरा भरता येतो, आणि प्रत्येकाला निवायला पुरेसा वेळ मिळतो. पोळ्या लवकर व्हाव्यात म्हणून गृहिणी चार तवे मांडते, तसाच हा प्रकार.

यंत्र चालले. पण पुढे?

पुढे पैसा हवा होता. एक नमुना चालविणे निराळे आणि शेकडो यंत्रे बनवून छापखान्यांना विकणे निराळे. त्यासाठी कारखाना, कसबी कामगार, दुरुस्तीची सोय आणि काही वर्षे तोटा सोसण्याची ताकद लागते. दादाभाईंचे स्नेही, ब्रिटिश समाजवादी पुढारी हेन्री हिंडमन यांनी भांडवल उभे करण्याचे मनावर घेतले. ते जमले नाही. दादाभाई १९०७ मध्ये मायदेशी परतले. १९०८ च्या अखेरीस भिसेही लंडनमधला पसारा आवरून निघाले. योगायोग असा की जहाजावर त्यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी पडली. गोखल्यांनी शब्द टाकला आणि सर रतन टाटा यांनी पैसा पुरविला. (हे जमशेटजींचे धाकटे पुत्र; आपल्या पाहण्यातले रतन टाटा निराळे.) १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट निघाले आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. मग १९१४ चे महायुद्ध आले. सिंडिकेट टिकले नाही.

भिसे यांना ‘हिंदी एडिसन’ म्हणण्याची प्रथा आहे. मला ती फारशी रुचत नाही. एडिसनने १८७६ मध्ये मेन्लो पार्क येथे स्वतःची प्रयोगशाळा उभारली. तेथे तरबेज यंत्रकारांचा ताफा होता, आणि विजेच्या दिव्याच्या प्रयोगांमागे मॉर्गनसारख्या सावकारी पेढीचे बळ होते. भिसे यांच्या मागे होते एक वृद्ध देशभक्त, एक समाजवादी पुढारी आणि काही वर्षे एक दानशूर उद्योगपती. दोघांना एका पंगतीत बसविले की त्यांच्या ताटांतला फरक झाकला जातो.

जाता जाता एक बोलतो. विज्ञान दिनाच्या भाषणांत आपल्या पूर्वजांच्या विमानांच्या कथा दर वर्षी ऐकू येतात. भाषण करणाऱ्या मुलांचा त्यात दोष नाही. त्यांना दुसरे कोणी सांगितलेलेच नसते. भिसे यांच्या यंत्रांची पेटंटे मात्र तारीखवार, आकृत्यांसह नोंदलेली आहेत.

महायुद्ध चालू असतानाच भिसे अमेरिकेला गेले आणि अखेरपर्यंत न्यूयॉर्कमध्ये राहिले. खिळे ओतण्याच्या यंत्राचा नाद त्यांनी सोडला नाही. तेथे सुधारित यंत्रे केली, त्यांसाठी कंपनीही काढली. गंमत म्हणजे हाती पैसा आला तो मुख्यतः दुसऱ्याच वाटेने, आयोडीनपासून केलेल्या एका औषधामुळे. डिसेंबर १९३० मध्ये त्यांची आणि एडिसनची प्रत्यक्ष भेट झाली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये भिसे यांचे निधन झाले. लायनोटाइप आणि मोनोटाइप पुढे कित्येक वर्षे जगभर चालत राहिली. भिसोटाइपचे नाव मागे पडले.

शिक्षकांसाठी एक सूचना. अमेरिकेची जुनी पेटंटे आता इंटरनेटवर फुकट पाहता येतात. भिसे यांच्या नावाने शोधल्यास खिळे ओतण्याच्या यंत्रांच्या आकृत्या मिळतील. प्रत्येक भागाला क्रमांक दिलेला असतो आणि तो भाग काय करतो ते मजकुरात लिहिलेले असते. एक आकृती फळ्याएवढी मोठी काढून घ्या, आणि वितळलेला धातू कोठून येतो, कोठे गोठतो आणि खिळा कोठून बाहेर पडतो, एवढे तीन प्रश्न नववीच्या वर्गाला विचारा. एक तासिका पुरणार नाही, दोन ठेवा.