जखमी गडी आणि संघाभिमान

बुलढाणा जिल्ह्यास कबड्डी नवी नव्हे. याच वऱ्हाडांतील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन येथें तिचें प्रदर्शन केलें होतें. परंतु पकडींत आपटलेला गडी लंगडत पुन्हां उभा राहिला, कीं आपण त्याच्या निष्ठेचा जयघोष करतों. तो बाहेर बसला, तर त्यास भित्रा ठरवितों. वस्तुतः मैदानांतील ७ गड्यांमागें ५ राखीव गड्यांची सोय नियमांनींच केली आहे. डोक्यास मार लागल्याची खूण बाहेरून दिसतेच असें नाहीं. आणि तो बरा होण्यापूर्वीं दुसरा आघात झाल्यास प्राणावर बेतूं शकतें. म्हणून ज्यास संघाचा खरा अभिमान आहे, त्यानेंच प्रथम ‘राखीव गडी उतरवा’ अशी हांक द्यावी.