'वर' म्हणजे नेमकं कुठे? इंग्रजीतले स्थानदर्शक शब्द शिकवताना



सेमी इंग्रजीच्या वर्गात गणिताचा प्रश्न येतो, 'सर्कल द नंबर बिटवीन फॉर्टी फाइव्ह अँड फॉर्टी सेव्हन.' मुलाला ४६ माहीत असतो, पण तो ४५ आणि ४७ लाच गोल करून मोकळा होतो. आपण म्हणतो, याचं गणित कच्चं आहे. खरं तर कच्चा असतो तो 'बिटवीन' हा एक शब्द. म्हणून इन, ऑन, ॲट, ओव्हर, बिटवीन यांच्याकडे फक्त इंग्रजीचं व्याकरण म्हणून बघून चालत नाही. गणित आणि विज्ञानाचे प्रश्नही याच शब्दांवर उभे असतात.

अडचण कुठे येते?

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे लागतं : टेबलाखाली, झाडामागे. इंग्रजीत ते नामाच्या आधी येतं : अंडर द टेबल, बिहाइंड द ट्री. हा क्रमाचा फरक सरावाने जमतो. दुसरी अडचण मोठी आहे. आपण फळ्यावर तक्ता लिहितो, 'ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत', आणि मुलं तो पाठ करतात. पण मराठीतला एक शब्द इंग्रजीत तीन-चार ठिकाणी वाटला जातो, तिथे तक्ता कामाचा राहत नाही. अर्थ पाठ करून घेण्यापेक्षा मुलांना प्रश्न विचारायची सवय लावावी.

१. 'वर' : टेकलंय का?

पुस्तक टेबलावर, पंखा डोक्यावर, विमान शहरावर. मराठीत तिन्हीकडे 'वर'. इंग्रजीत आधी विचारायचं, वस्तू टेकली आहे का? टेकली असेल तर ऑन. न टेकता बरोबर वर असेल किंवा वरून जात असेल तर ओव्हर. नुसती पातळी उंच असेल तर अबव्ह. ओव्हर आणि अबव्ह बऱ्याचदा एकमेकांच्या जागी चालतात, त्यामुळे प्राथमिक वर्गात त्यावर गुण कापू नयेत.

एक गंमत मुलांना जरूर दाखवा. घड्याळ भिंतीला असतं, पाल छताला चिकटलेली असते. इंग्रजीत दोन्हीकडे ऑनच : ऑन द वॉल, ऑन द सीलिंग. पाल छताच्या खालच्या बाजूला आहे, तरी ऑन! म्हणजे ऑनचा खरा अर्थ 'वर' नसून 'टेकलेलं' आहे, हे मुलांना लगेच पटतं.

२. 'मध्ये' : आत की दोघांच्या मधात?

डब्यामध्ये पोळी, आणि ४५ व ४७ मध्ये ४६. मराठीत शब्द एकच. इंग्रजीत डब्याला इन आणि दोन टोकांमधल्या जागेला बिटवीन. आपल्याकडची मुलं 'मधात' म्हणतात, त्याचा इथे फायदा घ्या. दोघांच्या मधात, तर बिटवीन. घोळक्यात किंवा गर्दीत असेल तर अमंग.

३. 'समोर' : आपल्या नागपूरची खास अडचण

आपण 'बर्डीच्या समोर उतरा' म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा अर्थ असतो बर्डीच्या पुढे. मूल मात्र सरळ 'इन फ्रंट ऑफ' लिहून टाकतं. म्हणून विचारा, तोंडासमोर की पुढे गेल्यावर? वस्तूच्या पुढ्यात असेल तर इन फ्रंट ऑफ. रस्त्यापलीकडे, समोरासमोर असेल तर ऑपोझिट. ओलांडून पुढे असेल तर पास्ट.

४. पत्ता सांगताना : इन, ऑन, ॲट

'मी स्टेशनवर आहे' याचं मुलं 'ऑन द स्टेशन' करतात. इथे वर-खाली काही नाही, आपण फक्त ठिकाण सांगतो आहोत. मोबाईलवर लोकेशन पाठवतो, तसा एक ठिपका. ठिपक्याला ॲट : ॲट द मेट्रो स्टेशन. पत्ता मोठ्याकडून लहानाकडे बोलून घ्या : इन नागपूर, इन सीताबर्डी, ऑन मेन रोड, ॲट व्हरायटी स्क्वेअर. शहर किंवा वस्तीला इन, रस्त्याला ऑन, चौकाला ॲट.

वाहनांचा सोपा नियम असा : ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ऑन (ऑन द बस, ऑन द मेट्रो), ज्यात वाकून बसावं लागतं त्याला इन (इन द कार, इन द ऑटो).

सराव कुठे करायचा?

यासाठी वर्धा रोडवरचा दुमजली पूल उत्तम आहे. ३.१४ किलोमीटरच्या या पुलाची २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. खाली रस्ता, मधात फ्लायओव्हर, सगळ्यात वर मेट्रो. पुलाचं चित्र काढून घ्या आणि वाक्यं बोलून घ्या :

- द ट्रेन इज ऑन द ट्रॅक.
- द मेट्रो रन्स ओव्हर द फ्लायओव्हर.
- द रोड इज अंडर द फ्लायओव्हर.
- द फ्लायओव्हर इज बिटवीन द रोड अँड द मेट्रो लाइन.

'फ्लायओव्हर'मध्ये ओव्हर आणि 'अंडरपास'मध्ये अंडर आधीच दडलेले आहेत. मुलं हे शब्द रोज बोलतात, आपण फक्त ते दाखवून द्यायचं.

पालकांसाठी : घरी रोज पाच मिनिटं पुरे. चमचा वाटीत, वाटीखाली, वाटीमागे, दोन वाट्यांच्या मधात ठेवा आणि विचारा, 'व्हेअर इज द स्पून?' मूल चुकलं तर लगेच उत्तर सांगू नका. 'टेकलाय का? आत आहे का? दोघांच्या मधात आहे का?' एवढंच विचारा. शब्द त्याला स्वतः शोधू द्या. स्वतः शोधलेला शब्द गणिताच्या पेपरातही आठवतो.