पाळणाघर बघताना भीड कशाला?

"काकू अगदी घरच्यासारख्या आहेत हो, लेकरू मस्त रमतं." नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळतं. परभणी असो, सेलू असो की गंगाखेड. नवरा-बायको दोघं कामावर, सासू-सासरे गावाकडे, अंगणवाडी काही तासांचीच. मग गल्लीतल्या काकू आठ-दहा लेकरं सांभाळतात. त्यांचा आधार मोठा, यात शंकाच नाही. पण मला प्रश्न पडतो, त्यांचं घर तपासतं कोण?

भिंतीवर शॉप अ‍ॅक्टचा कागद दिसला, की आपण निर्धास्त होतो. मैत्रिणींनो, २०१७च्या राज्याच्या कायद्यात कामगार थोडे असतील, तर नुसती सूचना दिली तरी भागतं. जिन्याला कठडा आहे का, हे त्यात कुणी बघत नाही.

नोव्हेंबर २०१६मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात आयाने दहा महिन्यांच्या मुलीला मारलं. कॅमेऱ्यात ते दिसलं आणि सगळा महाराष्ट्र हादरला. २०१७ साली ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभाही मिळाली. २०१८मध्ये केंद्राने नियमावली दिली: तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक बाई, दर मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा, मुलं असताना प्लंबर, इलेक्ट्रिशियन आत नको. हे सगळं कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी. गल्लीतल्या काकूंना ते लागू नाही. पण आपल्याला मोजायला पट्टी तर मिळाली!

त्यात आपल्याकडच्या गोष्टी आपणच घालायच्या. नळाला रोज पाणी नाही, म्हणून घरोघरी हौद, ड्रम, बादल्या भरलेल्या. रांगणारं लेकरू अर्ध्या बादलीतही बुडू शकतं. झाकण हवंच. उन्हाळ्यात लोखंडी कूलर लागतो. त्याला अर्थिंग आहे का? वायर लेकराच्या हाताला लागते का? गॅसपाशी जायला आडकाठी आहे का? फिनेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर भरलेलं नाही ना? शेतीवाल्या घरात कपाशीच्या फवारणीचं औषध कुठे ठेवतात? काकू बाजारात गेल्या, तर लेकरांजवळ कोण असतं? घरात आणखी कोण कोण राहतं?

"असं विचारलं तर काकूंना राग येईल," असं बऱ्याच जणी म्हणतात. अहो, भीड ही भिकेची बहीण! साडी घेताना दहा वेळा उलटून बघतो आपण. एकटीला जड जात असेल, तर चार आया मिळून जा. महिन्यातून एकदा वेळ न सांगता डोकावा. कूलरचं अर्थिंग, हौदाचं झाकण यांचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्या. काकूंच्या तुटपुंज्या फीमध्ये सगळं त्यांनीच करावं, ही अपेक्षाही बरोबर नाही.

आणि काकूंनो, तुम्हीही आपणहून दार उघडून दाखवा. त्याने तुमचाच धंदा वाढेल.

लेकरू अचानक दचकू लागलं, अंगावर वळ दिसले, काकूंचं नाव काढताच रडू लागलं, तर "सवय होईल" म्हणून सोडून देऊ नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा मोफत नंबर आहे, तो फिरवा. तपासणीला साहेब येतील तेव्हा येतील, तोवर आपल्या लेकराच्या इन्स्पेक्टर आपणच!