अजून ठोके दिसले नाहीत

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी रस्ता आरे-वारेजवळ चढणीवर येतो, तेव्हा खालचे दोन्ही किनारे एकदम नजरेत भरतात. पर्यटक हमखास गाड्या थांबवतात. या पट्ट्यातील गावांहून सोनोग्राफीसाठी शहरात जाऊन परतणाऱ्या एखाद्या कुटुंबाचे मात्र समुद्राकडे लक्षही नसते. ‘गर्भपिशवी दिसते आहे, ठोके अजून दिसत नाहीत, दहा-बारा दिवसांनी पुन्हा या,’ एवढेच डॉक्टरांनी सांगितलेले असते; आणि घर येण्याआधीच कोणाचे काय चुकले याचा हिशेब मनोमन सुरू झालेला असतो.

खरे तर आधी तारखांचा हिशेब तपासायला हवा. गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. हे गणित अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचे. जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते, तिचा सातवा आठवडा प्रत्यक्षात सहावाच असू शकतो. त्या वयात गर्भ अवघा काही मिलिमीटरचा असतो. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत सहाव्या आठवड्याच्या सुमारास ठोके दिसू लागतात. पोटावरून पाहिल्यास बहुधा आणखी काही दिवस जावे लागतात. अशा वेळी एका आठवड्याने सगळे चित्र पालटू शकते.

पुन्हा बोलावणे ही टाळाटाळ नव्हे. पूर्वी गर्भाची लांबी ५ मिलिमीटर झाली आणि ठोके नसले, तर गर्भ गेला असे मानीत. २०१३ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या गटाने ही मर्यादा ७ मिलिमीटर केली. गर्भ दिसतच नसेल, तर पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर होईपर्यंत निर्णय देऊ नये, असे सांगितले. हेतू एकच, की जिवंत गर्भ चुकून मृत ठरू नये. अहिंसेचा संस्कार असलेल्या घराला ही सावधगिरी वेगळी समजावून सांगावी लागू नये.

पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन ऐकणाऱ्यांना त्रिशलामातेचा प्रसंग आठवत असेल. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल राहिले. माता मात्र व्याकुळ झाली. गर्भाचे काही बरेवाईट झाले, असे तिला वाटले. सिद्धार्थ राजाच्या महालातले गायनवादन थांबले. मातेचे दुःख जाणून गर्भाने किंचित हालचाल केली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. माता-पिता हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा संकल्प वर्धमानांनी तेव्हाच केला. कथेतला गर्भ पुढच्या महिन्यांतला आहे. पण मातेच्या त्या शोकात तिला कोणी दोष दिला नाही, हे घराघरांतून लक्षात घेण्याजोगे आहे.

कारण सगळ्याच तपासण्यांचा शेवट असा सुखाचा होत नाही. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. आरे-वारेच्या वळणांवर बसलेले हिसके, दुकानाच्या माळ्यावर दोनदा केलेली चढउतार, खाल्लेली पपईची फोड यांनी गुणसूत्रे बदलत नाहीत. ‘तिनेच जपले नाही’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्याही खोटे आहे.

मधल्या दिवसांत फॉलिक ॲसिडची गोळी चालू ठेवावी. उपवास किंवा चौविहाराचे पच्चक्खाण असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. काही वेळा दोन दिवसांच्या अंतराने रक्ततपासणीही करतात. मात्र एका बाजूला तीव्र पोटदुखी, भोवळ किंवा जास्त रक्तस्राव झाल्यास ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. गर्भ नलिकेत राहिला असेल, तर जिवावर बेतते. गाव शहरापासून दूर असेल, तर रात्री गाडी कोण काढणार हे आधीच ठरलेले बरे.

आणि गर्भ गेलाच, तर? नोकरदार स्त्रीला कायदा गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा देतो. घरच्या पेढीवर बसणाऱ्या सुनेची रजा मंजूर करणारे कार्यालय नसते. ती सासूबाईंनीच द्यायची असते, शक्यतो तिने मागण्याआधी.