जुना पिकअप, दोन इंचांची लिफ्ट आणि अडीच हजार डॉलर

या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना आकडे निसटतात असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, म्हणून आज हिशोब नीट लिहून ठेवलाय.

मी डेन्व्हरमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. गाड्यांचं शिक्षण शून्य. जे काही कळलंय ते गेल्या वर्षभरात गाडीखाली पाठीवर झोपून कळलंय. गाडी आहे २००३ ची टोयोटा टॅकोमा, फोर बाय फोर. तिला लिफ्ट करायची, म्हणजे सस्पेन्शन बदलून उंच करायची, एवढंच डोक्यात होतं. बाजूला काढलेले पैसे होते २५०० डॉलर, आणि मी तीन इंचांचा किट कार्टमध्ये टाकूनसुद्धा बसलो होतो.

ऑर्डर करण्याआधी एका जुन्या मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यानं ती वर घेतली, पुढचं चाक हातानं हलवलं आणि म्हणाला, "लिफ्ट राहू दे. आधी हा बॉल जॉइंट बघ." खालचा बॉल जॉइंट खिळखिळा झाला होता. या गाडीत तो निखळला तर चाक बाहेरच्या बाजूला दुमडतं आणि गाडीचा तो कोपरा रस्त्यावर आपटतो. २००५ मध्ये टोयोटानं २००१ ते २००४ च्या टॅकोमा याच भागासाठी परत बोलावल्या होत्या. आदल्याच आठवड्यात मी बायकोला घेऊन हायवेवर ७० मैलांच्या वेगानं आलो होतो. त्या रात्री कार्ट रिकामं केलं.

तर आजचा मुद्दा हाच: जुन्या गाडीचं लिफ्टचं बजेट किटच्या किमतीपासून सुरू करायचं नाही, गाडीच्या तपासणीपासून करायचं.

आधी काय तपासायचं?

पहिली गोष्ट चेसी. पहिल्या पिढीच्या टॅकोमाची चेसी गंजण्यासाठी बदनाम आहे. २००८ मध्ये टोयोटानं १९९५ ते २००० च्या गाड्यांसाठी गंजाची वॉरंटी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि फार खराब गाड्या परतही विकत घेतल्या. बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे नंतरच्या गाड्याही तपासायलाच हव्यात. हातोडीनं हलकं ठोकून बघा. आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर लिफ्टचा विषय तिथेच बंद.

मग बॉल जॉइंट, बुश, स्टिअरिंगचे टाय रॉड, ब्रेकच्या नळ्या. लिफ्टमुळे या सगळ्यांवर ताण वाढतो. आधीच झिजलेला भाग लिफ्टनंतर लवकर जातो.

आणि मोजमाप घ्या. चाकाच्या मधोमधपासून वर फेंडरच्या कडेपर्यंत. असं मोजलं की टायरची हवा कमी-जास्त असली तरी फरक पडत नाही. माझ्या गाडीचे मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, सव्वा इंच बसले होते. माझी निम्मी 'लिफ्ट' ही खरं तर कंपनीची मूळ उंची परत मिळवणं होतं!

किती उंच?

इथे बरेच जण फसतात, मीही फसलो होतो. सस्पेन्शन लिफ्टनं बॉडी आणि चेसी वर जाते. पण मागचा ॲक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो. दगडाला आधी लागतो तो हाच. त्याला वर न्यायचा असेल तर मोठे टायर लागतात, आणि तिथेही व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मीच उंची मिळते. माझे टायर २६५/७० आर १६, म्हणजे साधारण ३०.६ इंच. २६५/७५ आर १६ घेतले तर साधारण ३१.६ इंच. एवढा खर्च करून डिफरन्शियलखाली मिळणार अर्धा इंच. वर स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा खरा वेग ६२.

पुढे वेगळी अडचण. गाडी जितकी उंच, तितका सीव्ही जॉइंटचा कोन तिरका आणि रबरी बूट लवकर फाटतो. तीन इंचांच्या आसपास गेलं की अलाइनमेंट जुळवायला बहुतेक वेळा नवे अपर कंट्रोल आर्म घ्यावे लागतात, त्याचे मला ६०० डॉलर सांगितले होते. गाडी उंच झाली की वळणावर जास्त कलते, ते वेगळंच. मी दोन इंचांवर थांबलो. सिनेमन पाससारखा रस्ता चांगल्या स्थितीतली मूळ उंचीची फोर बाय फोरही पार करते.

स्पेसर की पूर्ण किट?

स्पेसर म्हणजे पुढच्या स्ट्रटच्या डोक्यावर बसवायची चकती. १०० ते २०० डॉलरमध्ये काम होतं. गाडी तरुण असेल तर ठीक. पण २० वर्षं जुन्या शॉकअपवर चकती ठेवली तर मेलेला शॉकअप फक्त उंचावर जातो. म्हणून मी चारही शॉकअप, पुढच्या स्प्रिंग आणि मागचे पाटे असा किट घेतला. पाटे घेताना गाडीत कायम किती वजन असतं ते आधी ठरवा. ३०० किलोसाठीचे पाटे रिकाम्या गाडीत घातले तर पाठ दुखेल.

आणखी एक भाग कुणी सांगत नाही. या गाडीत मागच्या ॲक्सलला जोडलेला एक ब्रेक व्हॉल्व्ह असतो, तो वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवतो. मागची बाजू उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागचे ब्रेक कमी लागतात. त्यासाठी छोटा ब्रॅकेट मिळतो. तो विसरू नका.

माझा हिशोब (डॉलरमध्ये)

- दोन्ही खालचे बॉल जॉइंट, मजुरीसह: ४५०
- किट, पुढचे स्ट्रट जोडूनच आलेले: १३५०
- ब्रेक व्हॉल्व्हचा ब्रॅकेट: ४०
- व्हील अलाइनमेंट: १२०
- अडीअडचणीसाठी: ३००
- एकूण: २२६०

बसवायचे गॅरेजनं ९१० सांगितले होते. ते धरले असते तर बजेट गेलंच होतं. मित्राच्या गॅरेजमध्ये दोन शनिवार-रविवार घालवले. स्ट्रट जोडूनच मागवले, कारण दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात जाऊ शकतो. ते काम घरी करू नका. अडीअडचणीचे पैसेही लागले. पाट्याचा एक बोल्ट बुशमध्ये असा गंजला होता की ग्राइंडरनं कापावा लागला. ७० डॉलर आणि एक अख्खी दुपार. साधारण ५०० मैलांनंतर सगळे यू-बोल्ट परत आवळले.

नवे टायर घेतलेच नाहीत. जुन्यांची नक्षी अजून चांगली आहे.

महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी

व्ही-क्रॉस किंवा झेनॉनवाले हे विचारणारच. तपासणी आणि हिशोबाची रीत तीच. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल बघता, कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल अडचणीत आणू शकतो. आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा, मग किट. अमेरिकेतही राज्याराज्यात उंचीचे नियम वेगळे आहेत.

तुमच्या गाडीचं मोजमाप आणि बजेट व्हॉइस नोटनं पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन हिशोब एकत्र बसून करू. आणि या आठवड्यात एवढं एक करा: गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा आणि पुढचं चाक वर-खाली हलवून बघा. चला, भेटू!