अळी पाळायची तर कोणती?

कार्टून मालिकेतली पाळीव अळी वर्षानुवर्षे अळीच राहते. ‘अ बग्ज लाइफ’ (१९९८) या चित्रपटातल्या गुबगुबीत हाइमलिख अळीला शेवटी पंख फुटतात खरे, पण अगदी चिमुकले.

बेळगाव-निपाणीकडच्या मुलांना खरी अळी पाळायची असेल, तर परसातला कढीपत्ता किंवा लिंबू निरखावा. लिंबू फुलपाखराची अळी तिथेच सापडते. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-पांढरी, म्हणून सहज वाचते. कात टाकत टाकत पुढे हिरवीगार होते. हलकेच डिवचलं, की डोक्यामागून दोन फाट्यांचा नारिंगी अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. हे मुलांना एकदा तरी दाखवाच! जाळीच्या झाकणाची बरणी, ज्या झाडावर सापडली त्याचीच रोज ताजी पानं आणि कोषासाठी एक उभी काडी, एवढं पुरे. औषध फवारलेली पानं मात्र चुकूनही घालू नका. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉर्मनची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते.

याच भागातल्या तंबाखूच्या शेतातली अळी मात्र निराळी. स्पोडोप्टेरा या पतंगाची मादी पानावर पुंजक्याने अंडी घालते आणि त्यावर स्वतःच्या अंगावरचे केस पसरते. पिल्लं घोळक्याने पानाची जाळी करतात. मोठ्या अळ्या दिवसा मातीत दडून रात्री खातात. तंबाखूच्या कडेने एरंड लावतात तो यासाठीच: मादी एरंडाच्या पानांवर अंडी घालते आणि ती पानं तोडून नष्ट करता येतात.